आराखडा शहराचा, हरकत नागरिकांची

अरुणावती नदीकाठच्या आर्णीत नगर परिषद आहे. अशा शहरांत मैदान, उद्यान, शाळा, बाजार यांच्या जागा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार होणाऱ्या विकास आराखड्यात आरक्षित होतात.

प्रारूप प्रसिद्ध झाले, की कोणालाही लेखी हरकत नोंदवता येते. त्यावर नियोजन समितीपुढे सुनावणी होते.

या हक्काचे बळ मुंबईत दिसले. फेब्रुवारी 2015 मधील प्रारूपावर हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते नव्याने करण्याचा आदेश दिला.

आरक्षण कायमचे नसते. 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर कलम 127 नुसार मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत पावले न उचलल्यास आरक्षण रद्द होते. आपल्या प्रभागातील आरक्षणे नगर परिषदेत जाऊन जरूर पाहा.