घामाचा हिशेब

भिवंडीच्या यंत्रमाग व्यवसायाची चर्चा निघाली की ती बहुधा सुताच्या भावाची, विजेच्या दराची, कापडाच्या मंदीची आणि सरकारी सवलतींची असते. मीटरमागे किती खर्च येतो याचा तपशील व्यापाऱ्याला आणि मागमालकाला तोंडपाठ असतो. त्या तपशिलात एक बाब मात्र कधीच आढळत नाही. मागापुढे बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाचे शरीर थंड राहावे यासाठी जो खर्च होतो, ती ही बाब होय. हा खर्च प्रत्यक्षात होत असतो, तो बऱ्याच अंशी मोजता येतो आणि कोणीतरी तो सोसतही असतो. तो कोण सोसतो हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे; परंतु त्याच्या उत्तराकडे जाण्यापूर्वी थोडे शरीरशास्त्र लक्षात घेणे आवश्यक आहे.

सदतीस अंशांचे बंधन

निरोगी माणसाच्या शरीराच्या आतील तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असते. बाहेर माघातली थंडी असो वा वैशाखातले ऊन, त्यात एखाद्या अंशापलीकडे फरक पडू न देण्याची व्यवस्था मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागाकडे आहे. खाल्लेल्या अन्नातून जी ऊर्जा मिळते तिच्यातील थोडाच भाग हातापायांच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. काहीही न करता बसून राहिलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. मागांच्या रांगेतून सतत फिरणारा, तुटलेला धागा सांधणारा, धोट्यातील कांडी बदलणारा कामगार तासाला सुमारे २०० किलोकॅलरी निर्माण करतो, असे धरावयास हरकत नाही.

साठ किलो वजनाच्या शरीराचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडण्याची वाट बंद झाली, तर काम करणाऱ्या माणसाचे शरीर तासाभरात ३७ अंशांवरून ४१ अंशांवर जाईल, आणि तेथे प्राणाशीच गाठ असते. शरीर थंड राहणे ही सुखसोयीची गोष्ट समजण्याची चूक होऊ नये, एवढ्यासाठी हे गणित मांडले.

ही उष्णता बाहेर टाकण्याचे शरीराचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिल्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदय जलद चालते आणि आतील उष्णता रक्ताबरोबर त्वचेपर्यंत येऊन हवेत जाते. उकाड्यात त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. म्हणून हवा त्याहून थंड असेल तोवरच हा मार्ग चालतो. हवा तितकीच तापली की उरतो तो घाम. माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख स्वेदग्रंथी असतात. त्यांतून आलेला एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ‘वाळला तर’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. कपाळावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम शरीरातील पाणी नेतो, मीठ नेतो. उष्णता जवळजवळ नेत नाही.

आता यंत्रमागाच्या एका पाळीचा हिशेब करता येतो. तासाला २०० किलोकॅलरी केवळ घामावाटे बाहेर टाकावयाच्या तर तासाला सुमारे एक तृतीयांश लिटर घाम वाळला पाहिजे. बारा तासांचे सुमारे चार लिटर झाले. ओघळून वाया जाणारा घाम यात धरलेला नाही. चार लिटरांहून अधिक पाणी आणि त्याबरोबर लिटरमागे काही ग्रॅम मीठ, एवढा कच्चा माल कामगाराचे शरीर एका पाळीत खर्ची घालते.

दमट हवेचा अडसर

घाम वाळणे न वाळणे हवेतील दमटपणावर अवलंबून असते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून जे तापमान मिळते, ते या दृष्टीने साध्या तापमापकापेक्षा अधिक बोलके ठरते. नागपुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना हवेतील सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असली, तर ओला तापमापक सुमारे २२ अंश दाखवील. खाडीकाठच्या भिवंडीत हवेचे तापमान ३४ अंशच, पण आर्द्रता ७० टक्के असली, तर तोच तापमापक २९ अंशांवर जाईल. वर्तमानपत्रात छापलेला आकडा पाहून नागपूरकराची कीव करणाऱ्या कोकणपट्टीच्या माणसाला हे ध्यानी येत नाही की, घाम वाळण्याच्या बाबतीत त्याचीच स्थिती अधिक बिकट आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते; विदर्भात त्याला कोणी कडक ऊनही म्हटले नसते.

हवामान खात्याचे आकडे उघड्या जागेवरच्या सावलीतले असतात. मागाच्या शेडमध्ये काय घडते ते त्यांत उमटत नाही. डोक्यावरचे पत्रे दिवसभर तापतात. एका मागाला साधारण एक अश्वशक्तीच्या आतबाहेरची मोटर असते, आणि तिने घेतलेल्या विजेची अखेर उष्णताच होते. चोवीस मागांच्या शेडमध्ये प्रत्येक माग अर्धा किलोवॉट वीज घेतो असे धरले, तरी एक हजार वॉटच्या बारा शेगड्या तेथे दिवसरात्र पेटलेल्या आहेत असा त्याचा अर्थ होतो. पंखा लावावा तर सुताचे तंतू उडतात आणि धागा हलतो, म्हणून तो नको असतो. सुती धागा कोरड्या हवेत लवकर तुटतो, म्हणून खिडक्या बंद असलेल्या बऱ्या. धाग्याला मानवणारी हवा माणसाला मानवत नाही, हा या धंद्यातला मूळ पेच आहे. सायझिंगच्या कारखान्यात तर वाफेवर तापलेल्या सिलिंडरांच्या शेजारीच उभे राहावे लागते.

हा पेच भिवंडीने निर्माण केलेला नाही. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात एकोणिसाव्या शतकात सूत तुटू नये म्हणून विणकामाच्या शेडमध्ये वाफ सोडली जाई. कामगारांच्या तक्रारींनंतर १८८९ साली ब्रिटिश संसदेने सुती कापडाच्या कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा करून हवेतील दमटपणावर मर्यादा घातली. पुढे १९०५ साली जे. एस. हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ओल्या तापमापकाचा पारा ३१ अंशांच्या वर गेला तर स्थिर हवेत स्वस्थ बसलेल्या माणसाचेही तापमान चढू लागते. कष्टाचे काम करणाऱ्याची मर्यादा त्याहून खाली असते. भिवंडीची २९ अंशांची हवा शेडमध्ये आणखी तापते हे लक्षात घेतले, म्हणजे ही मर्यादा किती जवळ आहे ते कळेल.

खर्च कोणाच्या माथी?

शरीर या संकटाला काही प्रमाणात सरावते. उष्ण जागी एक-दोन आठवडे काम केल्यावर घाम लवकर व अधिक सुटू लागतो आणि त्यातील मीठ कमी होते. म्हणूनच धोका सर्वांत मोठा असतो तो नवख्या कामगाराला आणि दीर्घ रजेनंतर परतलेल्याला. परंतु सराव म्हणजे पाण्याची गरज कमी होणे नव्हे. ती उलट वाढते. गेलेले पाणी भरून निघाले नाही तर रक्ताचे आकारमान घटते, घाम आटतो आणि तापमान चढते. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांत मूत्रपिंडाचा जो चिवट विकार आढळतो, त्यामागे वारंवारचा उष्णतेचा ताण आणि निर्जलीकरण ही महत्त्वाची कारणे मानली जातात. शुद्ध हरपू लागलेल्या, अंग ४० अंशांवर तापलेल्या कामगाराला तापाची गोळी देऊन झोपविण्याने काही साधत नाही. तापात मेंदूच शरीराचे तापमान वर नेतो, आणि गोळी तेथे काम करते. उष्माघातात मेंदूची आज्ञा तशीच असते, ती पाळण्याचे बळ शरीरात उरलेले नसते. अशा वेळी अंग भिजवून वारा घालणे आणि विनाविलंब रुग्णालय गाठणे हाच उपाय असतो.

भिवंडीतील विणकर कामगाराला मजुरी मिळते ती मीटरवर. पाणी पिण्यासाठी, सावलीत दहा मिनिटे टेकण्यासाठी तो मागापासून दूर गेला आणि तेवढ्यात धागा तुटला, तर तोटा त्याचा. शरीराने विश्रांती मागितली की मजुरी कापली जाते, असा या पद्धतीचा सरळ अर्थ आहे. पाळी संपल्यावर तो ज्या खोलीत जातो तीही बहुधा पत्र्याची, आणि पाळीपाळीने अनेकांनी वापरावयाची असते. दिवसाचा ताण रात्री उतरावा अशी सोय तेथेही नसते. उत्पादनाचा खर्च हिशेबाच्या वहीबाहेर ढकलून तो दुसऱ्याने सोसावा, याचे इतके ठळक उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडेल.

मालकाची बाजूही दृष्टिआड करता येणार नाही. भिवंडीतील अनेक मागमालक व्यापाऱ्याने दिलेले सूत मजुरीवर विणून देतात आणि त्यांचा नफा मीटरमागे पैशांत मोजावा लागतो. पण उष्णतेची किंमत कामगारच सोसतो आणि मालक सुटतो, ही समजूत खरी नाही. ई. सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय कारखान्यांच्या अभ्यासात, वार्षिक तापमान एका अंशाने वाढले तर कारखान्याचे उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटते असे आढळले. त्या अभ्यासात सुरतेतील कापड विणणारे लहान कारखानेही होते. थकलेल्या माणसाच्या हातून माग अधिक वेळ बंद राहतो, हे सांगण्यासाठी खरे तर अभ्यासाचीही गरज नाही.

कायद्याने हा विषय पूर्वीच हाताळला होता. १९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम १३ मध्ये खेळती हवा व सुसह्य तापमान, कलम १५ मध्ये कृत्रिम दमटपणावर नियंत्रण आणि कलम १८ मध्ये पिण्याचे पाणी यांची तरतूद होती. परंतु एकाच छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर दाखविण्याची रीत या व्यवसायात जुनी आहे, आणि कायद्याची मर्यादा कामगारसंख्येवर ठरत असल्याने लहान शेड तिच्याबाहेर राहिली. संसदेने २०२० साली संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी ही संख्या दहावरून वीसवर नेली. कायद्याचे छत्र त्यामुळे अधिकच आखूड झाले, असे खेदाने म्हणावे लागते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. पत्र्यांना वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. छपराच्या माथ्याशी गरम हवा निघून जाण्यास वाट ठेवावी, म्हणजे धाग्यावर झोत न येताही हवा खेळेल. प्रत्येक रांगेशी थंड पाणी असावे, मे महिन्यात त्यात चिमूटभर मीठ व साखर असावी. मुख्य म्हणजे उन्हाळ्यात दर दोन तासांनी ठरावीक विश्रांती मिळावी आणि त्या वेळेची मजुरी कापली जाऊ नये. हा बोजा एकट्या लहान मालकावर पडणे न्याय्य नाही. सूत देऊन कापड नेणाऱ्या व्यापाऱ्याच्या मीटरदरातच तो धरला गेला पाहिजे. एकेका मालकाने तो दर मागितला तर काम शेजारच्या शेडमध्ये जाईल, म्हणून मालक संघटना, कामगार संघटना आणि कामगार खाते यांनी मिळून तो ठरविणे आवश्यक आहे.

अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा तयार केला आणि त्याचे अनुकरण इतर शहरांनी केले. भिवंडीच्या महापालिकेने अशा आराखड्यात रस्त्याबरोबरच शेडच्या आतील हवेचाही विचार करावयास हवा. त्याचा आरंभ प्रत्येक शेडमध्ये एक कोरडा व एक ओला तापमापक टांगून आणि पाळीगणिक त्यांची नोंद ठेवून करता येईल. लँकेशायरच्या गिरण्यांना जे १८८९ च्या कायद्याने करावे लागले, ते भिवंडीला आज अशक्य आहे असे म्हणण्याचे कारण दिसत नाही. ही नोंद एकदा सुरू झाली, की मीटरमागे किती घाम पडतो हे कामगाराबरोबर मालकाला, व्यापाऱ्याला आणि शासनालाही वाचता येईल.