मोबाईल वावरात येतो तेव्हा

‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध आपण सर्वांनीच शाळेत लिहिला असेल. मी दोनदा लिहिला, आणि दोन्ही वेळा वरदानाच्या बाजूने. परंतु हे विज्ञान आमच्या कपाशीच्या तासात येऊन उभे राहील, असे तेव्हा वाटले नव्हते.

आमचे शेत आजीच्या नावावर आहे. गाव नमुना 7 मध्ये शेत कोणाचे ते लिहिलेले असते, 12 मध्ये त्यात काय पेरले ते; दोन्ही मिळून सातबारा. पिकाची ही नोंद पूर्वी तलाठी करीत. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाईलवर पीक नोंदवावे व फोटो काढावा, असे ठरले. नोंद चुकली तर नुकसानभरपाई आणि हमीभाव दोन्हीकडे अडते. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. तेव्हा हे काम माझ्याकडे आले.

पण आपण आपल्याच शेतात उभे आहोत हे मोबाईलला कळते कसे? सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे जीपीएस उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा व वेळ सतत सांगत असतो. हा संदेश सेकंदाला सुमारे 3 लक्ष किलोमीटर वेगाने येतो. त्याला पोचायला किती वेळ लागला, यावरून अंतर निघते. खरे तर तीन उपग्रह पुरले असते. पण मोबाईलचे घड्याळ तितके अचूक नसते, आणि सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक म्हणजे 300 मीटरचा फरक! ती चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. गंमत अशी की मोबाईल येथे फक्त ऐकतो, उपग्रहाला काहीच सांगत नाही. म्हणून टॉवर नसलेल्या वावरातही जागा कळते.

मे 2000 पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळीत असे. जागा 100 मीटरपर्यंत चुकायची. एक हेक्टरचे चौकोनी शेत 100 मीटर लांब व तेवढेच रुंद असते. त्या काळी ही पाहणी आली असती तर आमची कपाशी शेजाऱ्याच्या वावरात दिसली असती.

गेल्या खरिपात मी निंबाखाली सावलीला उभा होतो. दाट फांद्यांमुळे मोबाईल जागा शोधतच राहिला. आजी म्हणाली, “मी वावरातच उभी आहो ना, मंग त्याले दिसून नाही राह्यलं काय?” मी उन्हात सरकलो, कपाशी नोंदविली, फोटो काढला आणि घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितले, झाले काम.

रात्री जेवताना आजीने विचारले, “अन् तूर लिहिली काय?”

कपाशीच्या ओळींमध्ये पेरलेली तूर मी लिहिलीच नव्हती. उपग्रहांनी जागा बरोबर सांगितली होती. पीक सांगणे माझ्याकडे होते. सुदैवाने 48 तासांत दुरुस्ती करता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा गेलो. वारा फार होता, म्हणून आजीने तुरीचे झाड धरून ठेवले. त्या फोटोत तिचा हातही आला आहे.