‘डेल्टा ई एकच्या आत’ म्हणजे नेमकं किती?

शर्टाची छाती एका ताग्यातून कापली आणि बाही दुसऱ्यातून, की तयार मालात घोटाळा व्हायला वेळ लागत नाही. दोन्ही तागे नेव्ही ब्ल्यू, रंगाची पावडरही तीच, फक्त डाईंगचे लॉट वेगळे. वेगवेगळे पाहिले तर कुणी बोट ठेवणार नाही. शिवणीपाशी शेजारी आले की फरक डोळ्यांत भरतो. गिऱ्हाईक म्हणतं शेड चुकली, डाईंग मास्टर म्हणतो शेड पास आहे. हा वाद मिटवायला हातात धरायचं एक यंत्र आणलं जातं, कलरिमीटर. ते वाद मिटवतं, पण अर्धाच.

यंत्राची रचना साधी आहे. त्याच्या पोटात स्वतःचा दिवा असतो. कापडावरून परतलेला उजेड तीन फिल्टरांमधून मोजला जातो, आणि हे फिल्टर माणसाच्या डोळ्याची नक्कल करतील असे बनवलेले असतात. कोणत्या माणसाच्या? १९२०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये डब्ल्यू. डी. राइट यांनी १० जणांना आणि जॉन गिल्ड यांनी ७ जणांना बसवून तीन रंगांचे दिवे कमीजास्त करायला लावले आणि समोरच्या रंगाशी जुळणी करून घेतली. त्यांच्या निरीक्षणांवरून सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९३१ मध्ये एक ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. म्हणजे आज इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमधल्या ताग्याचा निकालसुद्धा बऱ्याचदा त्या सतरा जणांच्या सरासरी नजरेनेच लागतो. मला या विषयातली ही सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते.

नजर ठरली, पण फरक किती हे सांगायला मोजपट्टी हवी होती. ती १९७६ मध्ये आली, सीआयई लॅब या नावाने. प्रत्येक रंगाला तीन आकडे: ‘एल’ म्हणजे उजळपणा, काळ्याला ० आणि पांढऱ्याला १००, ‘ए’ वाढला की रंग लालीकडे, घटला की हिरव्याकडे, ‘बी’ वाढला की पिवळ्याकडे, घटला की निळ्याकडे. मूळ नमुना आणि नवा लॉट यांच्या तीन आकड्यांमधल्या फरकांचे वर्ग करायचे, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं. उत्तर म्हणजे डेल्टा ई.

आता यातली मेख पाहा. एका लॉटमध्ये एल ०.६ ने कमी, ए ०.२ ने जास्त, बी ०.३ ने कमी आला. डेल्टा ई ०.७. दुसऱ्या लॉटमध्ये एल ०.२ ने कमी, ए ०.६ ने जास्त, बी ०.३ ने कमी. डेल्टा ई पुन्हा ०.७. पहिला तागा किंचित गडद झालाय, तो बहुतेक वेळा खपून जातो. दुसरा लालीवर गेलाय, आणि माल करड्या रंगाचा असेल तर तो लगेच परत येतो. अनुभवी मास्टर म्हणूनच शेवटच्या आकड्याआधी त्यामागचे तीन आकडे आणि त्यांची चिन्हं वाचतो. पुढच्या लॉटमध्ये कोणता रंग चिमूटभर कमी करायचा, हे त्यांच्यावरूनच कळतं.

डोळा सगळ्या रंगांशी सारखा वागत नाही, हे कोडॅकमधल्या डेव्हिड मॅकअ‍ॅडम यांनी १९४२ मध्येच दाखवून दिलं होतं. काही रंगांत माणसाला बारीकसा बदलही जाणवतो, काहींत बराच मोठा बदल निसटून जातो. भडक पिवळ्यात डेल्टा ई २ असला तरी दोन नमुने एकच वाटू शकतात. करड्यात तेवढ्या फरकाने ऑर्डर रद्द होईल. ही अडचण उद्योगानेच आधी सोडवायला घेतली. शिवणाचा दोरा बनवणाऱ्या जे अँड पी कोट्समध्ये ‘हा नमुना चालेल, हा नाही’ अशा निर्णयांशी ताडून नवं सूत्र बसवलं गेलं. त्यातूनच १९८४ चं सीएमसी सूत्र आलं, आणि कापड उद्योगात ते आजही चालतं. पुढे सीआयईने स्वतःचं डीई २००० हे सूत्र दिलं. एकाच ताग्याला या तीन सूत्रांनी तीन वेगळे आकडे मिळतात.

दुसरा पेच साध्या भूमितीचा. एक लॉट नमुन्यापेक्षा ०.९ ने उजळ, दुसरा ०.९ ने गडद. दोघेही ‘एकच्या आत’, दोघेही पास. पण त्यांच्यात आपापसात १.८ चा फरक! छाती-बाहीचा घोटाळा इथेच होतो. कपड्याच्या कारखान्यांत यावर ‘५५५’ची पद्धत वापरतात. मूळ नमुन्याला ५५५ हा क्रमांक, आणि प्रत्येक ताग्याला उजळपणा व रंगाच्या दोन दिशांप्रमाणे तीन अंकी क्रमांक. एका क्रमांकाचेच तागे एकत्र कापायचे. टाइल्सच्या खोक्यावर छापलेला शेड नंबरही याच जातीचा. घरी लादी बसवताना तो न पाहणाऱ्यांना नंतर हॉलमध्ये पट्टा दिसतो.

प्रकाशाचा प्रश्न तर मॅचिंग सेंटरमध्ये जाणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ट्यूबलाइटखाली जुळलेला ब्लाउजपीस ती दुकानाच्या पायरीवर नेऊन दिवसाच्या उजेडात पुन्हा पाहते. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी साधलेले दोन रंग एका प्रकाशात जुळतात, दुसऱ्यात फुटतात. याला मेटामेरिझम म्हणतात. साधा कलरिमीटर एका ठरावीक प्रकाशापुरतंच सांगतो, त्यामुळे तो इथे फसतो. त्यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. तो साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत दर १० नॅनोमीटरला परतणारा उजेड मोजतो आणि मग दुपारचं ऊन, ट्यूब, पिवळा बल्ब अशा हव्या त्या प्रकाशातला फरक गणिताने काढून देतो.

नमुना कसा धरला यावरही बरंच अवलंबून. ड्रायरमधून नुकतंच निघालेलं गरम, कोरडं कापड आणि तासाभराने हवेतला ओलावा प्यायलेलं तेच कापड वेगळे आकडे देतात. पातळ कापडाच्या घड्या घातल्या नाहीत तर खालच्या टेबलाचा रंगही मोजला जातो. लाल-नारिंगी टाइल भट्टीतून येऊन पुरती निवली नसेल तर तिचाही आकडा सरकतो.

प्लास्टिकमध्ये आणखी एक गंमत. एकाच रंगीत दाण्यांतून एक तुकडा गुळगुळीत आणि एक खरखरीत साच्यात काढला, तर डोळ्याला गुळगुळीत तुकडा जास्त गडद दिसतो. पृष्ठभागाची चमक धरून मोजणारं, आत पांढरा गोल असलेलं यंत्र म्हणतं, दोन्ही जवळपास एकच. ४५ अंशातून उजेड टाकून समोरून पाहणारं यंत्र म्हणतं, फरक आहे. दोन्ही बरोबर. दाण्यातल्या रंगद्रव्याचं प्रमाण तपासायचं तर पहिलं यंत्र, आणि गाडीत बसलेल्या माणसाला डॅशबोर्डचे दोन भाग कसे दिसतील हे पाहायचं तर दुसरं. त्यामुळे ऑर्डरवर ‘डेल्टा ई एकच्या आत’ एवढंच लिहून भागत नाही. कोणतं सूत्र, कोणता प्रकाश, यंत्र कोणत्या रचनेचं आणि चमक धरायची की वगळायची, हे चारही त्याच ओळीत लिहावे लागतात.