सफरचंदाच्या झाडास पाणी किती लागते?

फळझाडांस द्यावयाचे पाणी बहुधा अनुभवावरून ठरविले जाते. परंतु हिमाचल प्रदेशातील डोंगरउतारांवर अनेक सफरचंदाच्या बागा एखाद्या झऱ्यावर किंवा पाण्याच्या टाकीवरच अवलंबून असतात. तेथे चुकलेला अंदाज पिकाच्या मुळावर येतो.

झाडाने शोषलेल्या पाण्याचा अत्यल्प अंश त्याच्या वाढीस लागतो. उरलेले पानांच्या रंध्रांवाटे वाफेच्या रूपाने हवेत जाते. म्हणून हवा किती पाणी ओढून घेते, हे प्रथम मोजावे लागते. त्यासाठी वेधशाळेत सुमारे १२० सेंटीमीटर व्यासाचे, पाण्याने भरलेले पात्र उघड्यावर ठेवतात आणि पातळी दररोज किती मिलिमीटर उतरते ते पाहतात. पात्रातून हिरवळीपेक्षा अधिक पाणी उडते; यास्तव त्या आकड्यास साधारणतः ०.७ ने गुणतात.

आता झाडाची अवस्था विचारात घ्यावयाची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत प्रत्येक अवस्थेचा गुणक दिला आहे. कडक हिवाळ्याच्या प्रदेशातील तृणरहित सफरचंद-बागेसाठी तो पालवी फुटताना ०.४५, पूर्ण पर्णभाराच्या काळी ०.९५ आणि हंगामाच्या अखेरीस ०.७० असतो.

उदाहरणार्थ, झाडे ५ मीटर अंतरावर चौरस पद्धतीने लावली आहेत असे मानू. प्रत्येक झाडाच्या वाट्यास २५ चौरस मीटर जमीन येते. आणि एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. वसंतारंभी पात्रातील पाणी दररोज ३ मिलिमीटर उतरत असेल, तर ३ × ०.७ × ०.४५ × २५, म्हणजे सुमारे २४ लिटर पाणी लागेल. पुढे फळे पोसत असता पातळी ६ मिलिमीटर उतरू लागली, तर हिशेब ६ × ०.७ × ०.९५ × २५, म्हणजे सुमारे १०० लिटर होतो. बाष्पीभवन दुप्पट झाले, पण गरज चौपट झाली. कारण मधल्या काळात पानांचा पसारा वाढला.

१०,००० लिटरची टाकी शंभर झाडांस वसंतारंभी चार दिवस पुरेल, तर ग्रीष्मात एकच दिवस. बागेत हिरवे गवत माजले असल्यास गुणक १.२० पर्यंत चढतो आणि झाडामागे आणखी सुमारे २६ लिटर पाणी खर्च होते. पावसापूर्वीच्या कोरड्या दिवसांत गवत काढून टाकणे हीदेखील पाण्याची बचतच होय.

या आकड्यांतून उपयोगी पडलेला पाऊस वजा करावा, आणि पाटातून किंवा नळीतून होणारी गळती त्यांत मिळवावी. लहान झाडांचा पर्णभार कमी असल्याने त्यांस प्रमाणाने कमी पाणी पुरते. शेवटी मुळांजवळची माती हातात घेऊन ओलावा पाहावा. माती सतत चिंब राहिल्यास मुळांस हवा मिळत नाही व ती कुजू लागतात. पाण्याचा तुटवडा जसा घातक, तसाच त्याचा अतिरेकही.