घरचं गाणं – भाग ७ : फाटकाबाहेर

गेल्या भागाच्या शेवटी जुन्या लॅपटॉपवर नॅव्हिड्रोम हा संगीत सर्व्हर बसला, कॅसेटींवरून उतरवलेल्या मैफली आणि सीड्यांवरची गाणी त्याने वाचून घेतली आणि घरातल्या प्रत्येक फोनवर ती वाजू लागली. माझ्याकडे हे जमलं त्या संध्याकाळी मी कानात गाणं लावून दूध आणायला खाली उतरलो. जिन्यात गाणं होतं, पार्किंगमध्ये होतं, फाटकापाशी अडखळलं आणि रस्त्यावर पाऊल टाकताच थांबलं. वाय-फायची हद्द तिथे संपते. आजचा भाग त्या फाटकापलीकडच्या रस्त्याचा.

लोक विचारतात, एवढा खटाटोप कशाला? महिन्याला थोडे पैसे भरले की कोट्यवधी गाणी मिळतात की! मिळतात. पण माझ्या वडिलांनी आकाशवाणीवरून टेप केलेली, मध्येच निवेदकाचा खाकरा ऐकू येणारी रात्रीची संगीतसभा त्यात नाही. दिवाणखान्यातल्या खासगी मैफली नाहीत. आणि जे आहे ते उद्या असेलच याची हमी नाही.

आपलं संगीत आपल्याला कुठूनही ऐकता यावं, ही कल्पना तशी जुनी आहे. जानेवारी २००० मध्ये एमपीथ्री डॉट कॉम या अमेरिकी कंपनीने एक सेवा काढली. तुमच्याकडची सीडी संगणकात घालून दाखवायची. ती खरोखर तुमच्याकडे आहे अशी खात्री पटली की तीच गाणी तुम्हाला इंटरनेटवरून कुठेही ऐकायला मिळत. चलाखी अशी की गाणी तुमच्या सीडीवरून चढवली जात नव्हती. कंपनीने हजारो सीड्या स्वतः विकत घेऊन आपल्या सर्व्हरवर आधीच उतरवून ठेवल्या होत्या. न्यायालयाने त्याच वर्षी निकाल दिला की ही नक्कल बेकायदा आहे, आणि एकट्या युनिव्हर्सलशी तडजोड करताना कंपनीला ५ कोटी ३४ लाख डॉलर मोजावे लागले. पुढे गूगलने प्ले म्युझिक या सेवेत प्रत्येकाला आपली ५० हजार गाणी फुकट चढवून ठेवायची सोय दिली. गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झालं आणि लोकांना आपापली बोचकी उचलून दुसरीकडे जावं लागलं. घरच्या सर्व्हरचं तसं नाही: नक्कल आपण केलेली, आपल्या घरात, आपल्या डिस्कवर. यात कोणी दुकान बंद करण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र हे घरच्या माणसांपुरतंच ठेवा. अख्ख्या गावाला पासवर्ड वाटलात तर ते खासगी ऐकणं राहत नाही.

आता घराच्या इंटरनेटवरच्या पत्त्याकडे येऊ, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

मी सुरुवातीला सरळ मार्ग धरला. राउटरच्या सेटिंगच्या पानावर गेलो, बाहेरून ४५३३ या पोर्टवर जे येईल ते लॅपटॉपकडे पाठवायला सांगितलं (नॅव्हिड्रोम याच पोर्टवर बसलेलं असतं) आणि रस्त्यावर जाऊन फोनवर पत्ता टाकला. शुकशुकाट. दोन संध्याकाळी यात गेल्या. इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या मदत केंद्राने मला तीन वेळा राउटर बंद करून चालू करायला लावला. चौथ्यांदा एक भला मुलगा भेटला आणि म्हणाला, “सर, तुमच्या कनेक्शनला पब्लिक आयपी नाहीये.”

म्हणजे काय? इंटरनेटवरचा जुना, अजूनही सर्वत्र चालणारा पत्ता ३२ बिटांचा. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. माणसंच आठशे कोटींवर, त्यात एकेकाकडे दोन-तीन उपकरणं. आपल्या आशिया-प्रशांत विभागाचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. मग पुरवठादारांनी शेकडो घरं एकाच सार्वजनिक पत्त्याच्या आड बसवायला सुरुवात केली. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात.

जुन्या सरकारी कचेरीतला टेलिफोन बोर्ड आठवा. आतल्या कुणालाही शून्य फिरवून बाहेर बोलता येई. बाहेरून कचेरीचा नंबर लावला तर मात्र फोन ऑपरेटरकडे जाई आणि तो विचारी, कोण पाहिजे? सीजीनॅटचा ऑपरेटर एवढंही विचारत नाही. आतून कोणी लावलेल्या फोनचं उत्तर असेल तर तो जोडून देतो, नाहीतर रिसीव्हर खाली ठेवतो. मी घरातल्या राउटरला कितीही सूचना दिल्या तरी व्यर्थ होत्या, कारण फोन राउटरपर्यंत पोचतच नव्हता.

तुमचं घर या बोर्डाआड आहे का, ते पाहणं सोपं आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या शब्दाशेजारी पत्ता असतो. तो १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. २०१२ मध्ये हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. पत्त्यातला पहिला आकडा १० असला, तरी तीच गत. शंका राहिली तर ‘माझा आयपी काय’ असं शोधून जो पत्ता दिसेल तो राउटरवरच्या पत्त्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे दिसले, तर मध्ये ऑपरेटर बसला आहे.

काही पुरवठादार जादा पैसे घेऊन स्वतंत्र पत्ता देतात. तो मिळाला तरी माझा सल्ला एकच आहे: दार उघडं टाकू नका. उघड्या पोर्टवर थोड्याच वेळात जगभरातून अनोळखी प्रोग्रॅम येऊन कडी वाजवायला लागतात. नॅव्हिड्रोम उत्तम आहे, पण ते मूठभर लोकांनी हौसेने सांभाळलेलं काम आहे. बँकेच्या तिजोरीची अपेक्षा त्याच्याकडून करणं अन्यायाचं होईल.

मग करायचं काय? फोन आतून लावायचा. घरचा लॅपटॉपही बाहेर बोलू शकतो, हातातला फोनही बाहेर बोलू शकतो. दोघांनी बाहेर येऊन एकमेकांना गाठायचं. हे घडवून आणायला मध्यस्थ लागतो, आणि तो थेट लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखाच वागतो. मुलाकडच्यांना मुलीकडचा पत्ता देतो, मुलीकडच्यांना मुलाकडचा, दोघांना एकाच वेळी निघायला सांगतो आणि बाजूला होतो. पुढची बोलणी त्या दोघांत. दोन्हीकडचे ऑपरेटर फारच कडक असले आणि थेट भेट जमलीच नाही, तर मध्यस्थ स्वतः निरोप पोचवतो. पण निरोप लाखबंद पाकिटात असतो, त्याला वाचता येत नाही.

हे काम मी टेलस्केल या प्रोग्रॅमकडून करून घेतो. त्याच्या पोटात वायरगार्ड आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला, दोन उपकरणांमध्ये कुलूपबंद बोगदा बांधणारा हा प्रोग्रॅम मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाला. घरगुती वापराला टेलस्केल फुकट आहे. लॅपटॉपवर बसवायचं, फोनवर बसवायचं, दोन्हीकडे एकाच खात्याने आत जायचं. प्रत्येक उपकरणाला एक खासगी पत्ता मिळतो, आणि गंमत म्हणजे तोही त्याच १००.६४ च्या पट्ट्यातला. लॅपटॉपचा तो पत्ता आणि पुढे ४५३३ एवढं गाण्याच्या ॲपमध्ये लिहिलं की काम झालं. राउटरला हात लावावा लागत नाही. पहिल्यांदा फाटकाबाहेर रस्त्यावर उभं राहून गाणं लागलं तेव्हा मी दूध विसरून परत आलो होतो.

गाण्याचं ॲप कुठलं? इथे एक जुना उपकार कामी येतो. नॉर्वेच्या सिंद्रे मेहूस यांनी सबसॉनिक नावाचा संगीत सर्व्हर लिहिला होता. २०१६ मध्ये त्याचा सोर्स कोड इतरांना मिळायचा बंद झाला, पण सर्व्हरने आणि ॲपने एकमेकांशी कसं बोलायचं याची त्याने घालून दिलेली भाषा टिकली. नॅव्हिड्रोम तीच बोलतं, त्यामुळे त्या भाषेतलं कुठलंही ॲप चालतं. अँड्रॉइडवर अल्ट्रासॉनिक फुकट आहे, सिम्फोनियमला पैसे पडतात आणि ते पैसे वाया जात नाहीत. आयफोनवर अँपर्फाय पाहा.

आता डेटाचा हिशेब. सीडीवरचा एक तास म्हणजे सुमारे ६३५ एमबी. आपण तिसऱ्या भागात फ्लॅक करून ठेवलं, त्यात आवाजाचा कणही न गमावता तो साडेतीनशेच्या आसपास येतो. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर सव्वाचार तासांत खलास. म्हणून ॲपमध्ये ठरवून ठेवायचं की मोबाइल डेटावर गाणं मागवताना नॅव्हिड्रोमने ते जागच्या जागी ओपस या प्रकारात बदलून पाठवावं. १२८ केबीपीएसला एक तास ५८ एमबीत बसतो. दीड जीबीत सव्वीस तास, म्हणजे दिवस संपेल पण पॅक संपणार नाही. लोकलच्या गर्दीत साध्या इअरफोनवर ओपस आणि फ्लॅक यांतला फरक ओळखून दाखवणारा मला अजून भेटलेला नाही. साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांना तर ६४ सुद्धा पुष्कळ.

ओपसचा आणखी एक फायदा आपल्या संगीताला होतो. सीड्यांवर विलंबित आणि द्रुत असे तुकडे पाडलेले असतात. एमपीथ्री प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे शांततेचा एक बारीक तुकडा चिकटवतं. सिनेगीतात ते कळत नाही. तानपुरा अखंड चालू असताना मात्र दातात खडा आल्यासारखं होतं. ओपसच्या फायलीत सुरुवातीचा किती भाग वगळायचा याची नोंद असते, त्यामुळे चांगलं ॲप तुकडे सांधून वाजवतं.

तरीही नेटवर्क नाही तिथे बोगदा काय करणार? कर्जत-लोणावळा घाटात गाडी खऱ्या बोगद्यांत शिरली की सगळ्यांचेच फोन मुके होतात. छोटी गाणी असतील तर ॲपमध्ये पुढची तीन-चार आधीच उतरवून ठेवायची सोय चालू करा. पन्नास मिनिटांचा ख्याल असेल तर तो घरून निघतानाच वाय-फायवर पूर्ण उतरवून घ्या. मी पुणे-मुंबई प्रवासाच्या आदल्या रात्री हे करतो, जशी चटणी-पोळी बांधून घेतात तसं.

काही खड्ड्यांत मी पडलो आहे, ते दाखवून ठेवतो. मी नागपूरला होतो, दिवाळी तोंडावर होती आणि गाणं अचानक गेलं. आईने माळा-कपाटं पुसताना शेल्फवरच्या लॅपटॉपचं झाकण व्यवस्थित लावून ठेवलं होतं. झाकण लागलं, लॅपटॉप झोपला. झाकण लावल्यावर काहीही करू नये अशी सेटिंग त्याच दिवशी करायची असते, मी परत आल्यावर केली. दुसरं, टेलस्केलमध्ये प्रत्येक उपकरणाच्या किल्लीची मुदत १८० दिवस असते. ती संपली की पुन्हा आत जावं लागतं, आणि तेव्हा तुम्ही हमखास परगावी असता. घरच्या लॅपटॉपपुरती ही मुदत काढून टाका, फोनची राहू द्या; फोन हरवतात.

तिसरं म्हणजे वीज. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, राउटरला नसते. वीज गेली की सर्व्हर जागा आणि रस्ता बंद, अशी अवस्था होते. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. लॅपटॉप बारा महिने चार्जरला लावून ठेवल्याने बॅटरी फुगू शकते, तेव्हा चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती वापरा. बिलाची काळजी नको: १२ वॅट खाणारा लॅपटॉप अहोरात्र चालला तरी महिन्याला नऊ युनिटांच्या आत राहतो.

पुढच्या आठवड्यात बॅकअप घेऊ, कारण ही सगळी गाणी अजून एकाच डिस्कवर आहेत. तोवर एवढं करा: राउटरच्या पानावर जा, वॅनचा पत्ता पाहा आणि आपण पहिल्या भागापासून ठेवत आलो त्या वहीत लिहून ठेवा. त्याच पानावर राउटरचा पासवर्ड अजून कारखान्यातलाच दिसला, तर आधी तो बदला.