चाकातली खरखर : तेल घालू नका, कारण शोधा



गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रातल्या रस्त्यांची काय अवस्था होते, हे वेगळे सांगायला नको. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ, फडातून चाकाबरोबर आलेला चिखल, पाणंदीवर टाकलेला मुरूम, डांबरी रस्त्याच्या कडेची सुटी खडी आणि या सगळ्यावर पसरलेले पाचट. याच रस्त्याने आपली मोटारही जाते. एके काळी गावात एखादी जीप नाहीतर अँबॅसिडर असे, आणि तिच्या दुखण्याखुपण्याची काळजी पगारी ड्रायव्हर करी. आता पुष्कळ घरांपुढे चारचाकी उभी असते आणि ती घरातलेच कोणीतरी चालवते. मालक तोच आणि ड्रायव्हरही तोच. तेव्हा गाडीचे दुखणे ओळखण्याचे कामही त्याच्याच अंगावर आले आहे.

या दुखण्यांपैकी हमखास आढळणारे एक म्हणजे चाकातून येणारी खरखर. पत्रा पत्र्यावर घासावा तसा आवाज येतो. कधी एकसारखा, कधी चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. इंजिन व्यवस्थित, गाडी ओढते व्यवस्थित, पण चाक काही गप्प बसत नाही. हा आवाज पुष्कळदा अगदी किरकोळ कारणाने येतो आणि घरच्या घरी अर्ध्या-पाऊण तासात बंद करता येतो. पण काही वेळा तोच आवाज ब्रेक संपत आल्याची सूचना असतो. दोन्हींतला फरक कसा ओळखावा, हे सांगण्यासाठी हा लेख.

वंगणाची जुनी सवय

आपण बैलगाडीच्या घरातली माणसे. लाकडी चाक आखावर कोरडे पडले की कुरकुरायचे. मग वंगण घालायचे आणि पुढे चालू लागायचे. ही सवय हाडात मुरलेली आहे. त्यामुळे मोटारीचे चाक वाजू लागले की शेजारचा कोणीतरी म्हणतोच, “अहो, थोडं तेल सोडा की त्यात, बसंल गप!”

सभासद बंधूंनो, एवढे मात्र कधीही करू नका. बैलगाडीच्या चाकात घर्षण हा शत्रू होता. मोटारीचा ब्रेक घर्षणावरच चालतो. ज्या पृष्ठभागावर घासून गाडी थांबायची, तिथेच तेल किंवा ग्रीस गेले तर आवाज कदाचित बंद होईल, पण त्याबरोबर गाडी थांबायचीही बंद होईल. तेल प्यायलेले पॅड किंवा लायनर पुसून पुन्हा भरवशाचे होत नाहीत, ते बदलावेच लागतात. म्हणून पहिला नियम असा की आवाज दाबायचा नाही, त्याचे कारण काढायचे.

चाकाच्या आत असते काय?

आजच्या बहुतेक लहान मोटारींना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमट्यासारखे दाबतात. हा चिमटा म्हणजे कॅलिपर. ड्रममध्ये लोखंडी डब्याच्या आतल्या अंगाला लायनर लावलेले दोन शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि डबा धरून ठेवतात.

डिस्कच्या आतल्या बाजूला एक पातळ पत्रा असतो. चिखल-पाणी सरळ डिस्कवर उडू नये म्हणून तो लावलेला असतो. या पत्र्यात आणि डिस्कमध्ये जेमतेम काही मिलिमीटरचे अंतर असते. मुरमाच्या रस्त्यावरून एखादा खडा उडून नेमका त्या फटीत बसतो, किंवा उसाचे कांडे नाहीतर दगड लागून पत्रा वाकतो आणि फिरत्या डिस्कला टेकतो. आपल्या भागातल्या खरखरीचे हे नेहमीचे कारण आणि सर्वांत निरुपद्रवीही हेच.

आधी कान द्या

पाना हातात घेण्यापूर्वी आवाज नीट ऐकावा. मिलमधला जुना फिटर नुसत्या आवाजावरून कुठले बेअरिंग तापते आहे ते सांगतो. मोटारीचेही तसेच आहे. रहदारी नसलेल्या सपाट जागी, काचा खाली करून, एखाद्या लांब भिंतीच्या कडेने गाडी अगदी सावकाश न्यावी. भिंतीवरून आवाज परत येतो आणि कुठल्या बाजूचे चाक बोलते आहे ते स्पष्ट कळते. मग पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. गाडी धुतल्यावर किंवा रात्रभर पावसात उभी राहिल्यावर सकाळी खरखर येते आणि चार-पाच वेळा ब्रेक लावल्यावर जाते. डिस्कवर रात्रीतून गंजाचा पातळ थर चढलेला असतो, तो घासून निघाला. काही करायला नको.

२. ब्रेक लावला न लावला तरी खरखर सारखीच, वेगाबरोबर भरभर होते, आणि खडबडीत रस्त्यावरून आल्यावर अचानक सुरू झाली. खडा अडकल्याचा किंवा पत्रा वाकल्याचा संशय घ्यावा.

३. स्टिअरिंग पूर्ण वळवले तरच घासते. टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला लागत असेल. निसटलेली क्लिप बसवली की काम झाले.

४. बारीक, कर्कश किंचाळी येते. काही पॅडना पोलादाची एक लहान पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला लागून ओरडते. ती सूचना आहे.

५. ब्रेक दाबताच करकर असा जाड आवाज येतो आणि पायाला कंप जाणवतो. पॅड संपून लोखंड लोखंडावर घासत असण्याची दाट शक्यता आहे. गाडी तिथेच उभी करावी.

६. खरखरीपेक्षा घुमल्यासारखा आवाज, वेग वाढला की वाढणारा. बेअरिंगचा संशय. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा डाव्या बाजूचे बेअरिंग. डावीकडे वळताना वाढला तर उजवे.

७. थोडे अंतर चालून आल्यावर एकाच चाकाला जळका वास आणि जास्त उष्णता. हँडब्रेक पूर्ण सुटलेला नाही किंवा ब्रेक धरून राहतो आहे. चाकाला हात लावू नये, जवळ नेला तरी कळते.

खड्याचा संशय असेल तर चाक खोलण्याआधी एक सोपा उपाय करून पाहावा. मोकळ्या जागेत, मागे कोणी नाही याची खात्री करून, गाडी सावकाश दहा-पंधरा फूट मागे घ्यावी आणि पुन्हा पुढे आणावी. असे दोन-तीन वेळा करावे. चाक उलटे फिरले की खडा पुष्कळदा आल्या वाटेने खाली पडतो.

चाक उचलताना

येथे घाई नको. आवाज कुठे जात नाही, पण जॅक सरकला तर माणूस जातो.

गाडी कठीण, सपाट जागेवर घ्यावी. अंगण मुरमाचे किंवा शेणाने सारवलेले असेल तर जॅकखाली जाड फळी ठेवावी, नाहीतर जॅक जमिनीत रुततो. पुढचे चाक काढायचे असेल तर हँडब्रेक ओढावा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा ओंडके लावावेत. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत, मगच गाडी उचलावी. जॅक कुठे लावायचा ती जागा गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते, तिथेच लावावा. जॅकच्या जोडीला भक्कम स्टँड द्यावा आणि काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके, हात, पाय काहीही घालू नये. पोराटोरांना लांब ठेवावे आणि गाडीत कोणी बसू नये.

जीपसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे मागचे चाक घरी उचलून फिरवून पाहू नये. त्यासाठी गिअर आणि हँडब्रेक दोन्ही सोडावे लागतात आणि गाडी केवळ दगडांच्या भरवशावर राहते. ते काम गॅरेजमध्येच करावे.

खडा काढणे, पत्रा सरळ करणे

पुढचे चाक उचलल्यावर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवून पाहावे. पॅड डिस्कला किंचित टेकलेला असतोच, त्याची हलकी कुजबूज स्वाभाविक आहे. खरखर मात्र वेगळी ऐकू येते. चाक काढल्यावर बॅटरीच्या उजेडात डिस्कमागचा पत्रा चहूबाजूंनी पाहावा. जिथे घासले असेल तिथे ताजा, चकचकीत ओरखडा दिसतो. तीच दुखरी जागा.

खडा दिसला तर लांब स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने किंवा तारेने सावकाश बाहेर ढकलावा. डिस्कच्या पृष्ठभागावर चरे पाडू नयेत. पत्रा वाकला असेल तर तो पातळ असल्याने हातानेच मागे ढकलता येतो. हात पोचत नसेल तर हातोडीचा लाकडी दांडा वापरावा, हातोडी मारू नये. पत्रा फार गंजलेला असेल तर तुटू शकतो, तेव्हा जोर बेताचा असावा. पुन्हा डिस्क फिरवून पाहावी. सगळीकडे फट दिसली आणि आवाज गेला की काम झाले. दोरीचा तुकडा, तार किंवा पाचट कुठे गुंडाळले असेल तर तेही काढून टाकावे.

ब्रेकची काळी भुकटी तोंडाने फुंकू नये किंवा हवेच्या पाइपाने उडवू नये. जुन्या व हलक्या प्रतीच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते छातीला घातक असते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि फडके टाकून द्यावे.

चाक निघालेच आहे, तर पॅड पाहा

ही संधी सोडू नये. कॅलिपरच्या खिडकीतून दोन्ही पॅड दिसतात. पाठीची लोखंडी पट्टी सोडून घासणाऱ्या मसाल्याची जाडी नव्या पॅडला साधारण १० मिलिमीटर असते. ३ मिलिमीटरच्या आसपास आली की पॅड बदलण्याची वेळ झाली. आतला पॅड जरूर पाहावा. पुष्कळदा बाहेरचा चांगला दिसतो आणि आतला पार संपलेला असतो. डिस्कवर नख अडकेल असे चर पडले असतील तर तेही मिस्त्रीला दाखवावेत. वेळेवर पॅड बदलला तर खर्च पॅडचाच येतो. दुर्लक्ष केले तर डिस्कही जाते.

चाक परत बसवताना नट आधी हाताने फिरवून बसवावेत, मग गाडी खाली घेऊन समोरासमोरचे नट आलटून-पालटून आवळावेत. ओळीने आवळले तर चाक तिरके बसण्याचा संभव असतो. नटांना तेल लावू नये. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, पेडल घट्ट लागते ना ते पाहावे, आणि पहिली फेरी रिकाम्या जागेत सावकाश मारावी.

इथे आपण थांबायचे

घरी खडा काढता येतो, पत्रा सरळ करता येतो, पॅड पाहता येतो. यापुढचे काम सवय नसलेल्याने करू नये. पॅड संपले असतील, चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवत असेल, चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, ब्रेकचा दिवा लागत असेल किंवा पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल, तर गाडी मिस्त्रीला दाखवल्याशिवाय रस्त्यावर काढू नये. पॅड बदलताना डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते. ब्रेक ऑइलच्या डब्यात इंजिन ऑइल चुकूनही टाकू नये. त्याने आतली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतात.

“गावातल्या गावात तर फिरायचं आहे” असे म्हणून पुष्कळ जण चालढकल करतात. पण तीच गाडी एखाद्या लग्नाला घरची मंडळी भरून कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाट उतरते, नाहीतर कोल्हापूरहून रत्नागिरीकडे आंबा घाट उतरते. सपाटीवर जेमतेम चालणारा ब्रेक उतारावर सतत दाबून तापतो आणि ऐन वळणावर त्याची खरी परीक्षा होते. तिथे दुसरी संधी नसते.

ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीमालकांनीही हे ध्यानात घ्यावे. ट्रॉलीचे चाक घुमू लागले, तुंबा तापू लागला तर खेप झाल्यावर बघू असे म्हणू नये. मात्र भरलेली ट्रॉली जॅकवर चढवण्याचा उद्योग रस्त्याकडेला करू नये. ट्रॉली रिकामी झाल्यावर मिस्त्रीकडूनच बेअरिंग तपासून घ्यावे.

महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, काचा खाली करून आणि रेडिओ बंद करून गाडी भिंतीच्या कडेने एक फेरी चालवावी. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्याला पैसाही लागत नाही.