तेजी, मंदी आणि वायद्याची तारीख

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला व मुंबईंत पैशाचा पूर लोटला. बँका आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या यांच्या शेअरांवर लोक तुटून पडले. यांतील पुष्कळ सौदे वायद्याचे होते. शेअर आज घ्यावयाचा, दाम मात्र १ जुलै १८६५ रोजीं मोजावयाचे. मधल्या काळांत भाव चढला कीं नफा पदरांत पाडून मोकळें व्हावयाचें. एप्रिल १८६५ मध्यें युद्ध निकालांत निघालें, कापसाचे भाव कोसळले, आणि ती तारीख उजाडली तेव्हां जो तो एकमेकांचें देणें लागत होता व हातांत पैसा कोणाच्याच नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, तो पुढें ८७ रुपयांवर आला. प्रेमचंद रायचंदांसारखे धुरंधर व्यापारीही त्यांत सांपडले.

अंदाज चुकला म्हणून हे लोक बुडाले, असें म्हणणें पुरेसें नाहीं; अंदाज सर्वांचेच चुकतात. घात केला तो उसन्या पैशानें आणि ठरलेल्या तारखेनें. स्वतःच्या पैशानें शेअर घेणारा मंदींत थांबूं तरी शकतो. (बुडत्या कंपनीचा शेअर उराशीं धरून बसणें हें शहाणपण नव्हे, पण तो विषय निराळा.) वायदेवाल्यास थांबण्याची सवडच नसते.

सकाळीं घेऊन त्याच दिवशीं विकणाऱ्या आजच्या व्यापाऱ्याला ती तारीख रोज दुपारीं साडेतीनच्या सुमारास गांठते. एक लाख रुपये ठेवून पांच लाखांचे शेअर घेणाऱ्याचें उदाहरण घ्या. भाव शेंकडा ४ उतरला कीं २०,००० गेले. उरलेल्या ८०,००० वर ते भरून काढावयास शेंकडा २५ नफा हवा. सेबीनें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, २०२२-२३ या वर्षीं असे एकदिवसी सौदे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकीं सात तोट्यांत आढळल्या. वर्षांत पांचशेंहून अधिक सौदे करणाऱ्यांत तर दहांपैकीं आठ!

म्हणून जाणता व्यापारी हिशेब उलट बाजूनें मांडतो. या एका सौद्यांत किती गमावणें सोसेल, हें तो आधीं ठरवितो. लाखाच्या भांडवलावर १,००० रुपये असें ठरलें आणि ४०० रुपयांचा शेअर ३९० वर येतांच विकावयाचा असेल, तर नग १०० च घ्यावयाचे. विक्रीचा हा हुकूम, ज्यास 'स्टॉप-लॉस' म्हणतात, तो खरेदीबरोबरच दलालाकडे नोंदवावा. कारण भाव ३९१ झाला म्हणजे मन "३८५ पर्यंत पाहूं" असें म्हणूं लागतें.

हा हुकूमही सर्वस्वीं तारक नाहीं. २३ मार्च २०२० रोजीं सकाळींच बाजार शेंकडा १० उतरल्यामुळें व्यवहार ४५ मिनिटें थांबवावे लागले, आणि दिवसअखेर सेन्सेक्स शेंकडा १३ हून अधिक घसरला होता. रात्रीं वाईट बातमी येऊन सकाळचा पहिला भावच ३७० निघाला, तर ३९० चें गिऱ्हाईक कोठून मिळणार? रात्रभर माल बाळगणारानें म्हणून दर शेअरीं तोटा १० नव्हे, ३० धरावा. मग त्याच १,००० रुपयांत नग बसतात ते ३३.